उत्तरायणची पोरं

मोटाबेनच्या गच्चीवर जलेबी सहजासहजी मिळत नसे. आधी वजन द्यावं लागे. जिना संपला की समोरच वजनाचा काटा मांडलेला, आणि काट्याच्या पलीकडे जलेबीचं ताट. येणारा माणूस कोण आहे याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. आमच्या संस्थेचे संचालक, डॉक्टरसाहेब, एकदा सुटाबुटात आले, तर त्यांनाही तेच. "बूट काढा. हात खाली. वर बघा." खाली आकड्याकडे बघितलं की माणूस नकळत वाकतो आणि काटा हलतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वर. वर उत्तरायणचं आभाळ, पतंगांनी भरलेलं, आणि शेजारच्या गच्चीवरून पतंग कापल्याची "काप्यो छे!" अशी आरोळी. तेवढ्यात मोटाबेन वजन लिहून मोकळ्या. "वाढलंय," एवढंच म्हणायच्या. मग जलेबी.

महाराष्ट्राला संक्रांत, आम्हा बडोदेकरांना उत्तरायण. तिळगूळ घरात खायचा आणि उरलेला दिवस गच्चीवर काढायचा. त्या दिवसाचं ऊन अजून माझ्या डोळ्यांसमोर आलं की त्याच्या मधोमध मोटाबेन असतात. पाचवारी साडी, तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि खांद्याला ती खाकी पिशवी, जिच्यात तान्ह्या बाळांना टांगून वजन करायची झोळी असे.

मोटाबेन म्हणजे गुजरातीत थोरली बहीण. त्या अस्सल मराठी, संस्थानच्या फौजेतल्या घराण्यातल्या, आजोबा घोडदळात होते म्हणे. पण अख्खं शहर मोटाबेन म्हणायचं, तेव्हा आम्ही मराठी माणसंही तेच म्हणायला लागलो. लग्न केलं नव्हतं. कुणी चोंबडेपणानं विचारलंच, तर म्हणायच्या, "माझी पोरं किती ते ऐकून स्थळंच पळाली."

पोरं म्हणजे आमच्या अभ्यासातली मुलं. अलकापुरीत आमची छोटीशी संस्था होती. मांडवी, नागरवाडा आणि मधल्या पोळांमधली, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्ल्यांमधली, मुलं जन्मल्यापासून कशी वाढतात, एवढंच तिथं बघितलं जायचं. मूल जन्मल्याचं कळलं की एकदा, आणि नंतर दरवर्षी त्याच्या जन्माच्या महिन्यात, मोटाबेन स्वतः जिने चढून त्याची उंची आणि वजन घ्यायच्या. संख्याशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख. प्रमुखांनी पोळांमधून झोळी घेऊन हिंडायचं नसतं, हे त्यांना सगळ्यांनी सांगून बघितलं. मी त्यांच्या हाताखालची कॉम्प्युटरवाली. बाहेर तेव्हा नव्या वाऱ्याची धामधूम होती. केबल आली होती, रेसकोर्सकडे काचेच्या इमारती उठत होत्या, माझ्या बरोबरीच्या मुली अमेरिकेत जात होत्या. आणि मी इथं पोरांची वजनं मोजत बसलेली. माझी आई म्हणायची, "अगं, त्या बाईच्या नादी लागून तुझंही लग्न राहायचं." लग्न झालं, ते सोडा.

त्यांना माणसं नावानं कमी आणि क्रमांकानं जास्त लक्षात राहायची. एकदा मांडवीत फाफडा घेत होतो. कढईपुढे मिशा फुटलेला धिप्पाड तरुण. मोटाबेन त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, तू तर शंभराच्या आतला! दुसऱ्या वर्षी गोवर झाला होता तुला. मला दोन रात्री झोप नव्हती." तो बिचारा झारा हातात धरून उभा. मग एकदम हसला आणि वाकून पाया पडला. "बा रोज याद करे छे तमने," म्हणाला, म्हणजे आई रोज आठवण काढते. मोटाबेननी आशीर्वाद वगैरे दिला नाही. उंची किती झाली ते विचारलं.

कॉम्प्युटरशी त्या गुजरातीत बोलत. घरी मराठी, माझ्याशी मराठी, आणि त्या डब्यासमोर बसल्या की, "चालो भाई, हवे बारणुं खोलो ने." चला, आता दार उघडा ना. मी एकदा विचारलं, हे काय? तर अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "तो अलकापुरीत राहतो गं. त्याला मराठी कुठून येणार?"

आणि डोळे मिटून बसायच्या. दुपारी सगळं बडोदं जेवून आडवं व्हायचं, रस्त्यावर रिक्षासुद्धा वाजायची नाही. मोटाबेन टेबलावर आलेखाचा लांब कागद पसरून, हात त्याच्यावर ठेवून डोळे मिटत. पहिल्यांदा मला वाटलं, झोपल्या. मी हळूच पंखा कमी करायला उठले, तर तशाच बंद डोळ्यांनी म्हणाल्या, "बस खाली. पोरं जिना चढतायत." आलेखातली एकेक रेघ म्हणजे त्यांना एकेक पोर होतं, वर्षाला एक पायरी चढणारं. खिडकीतून कडुनिंबाची सावली कागदावर हलायची आणि त्या बाई बोटांनी त्या रेघांवरून सावकाश वर जायच्या. मला हसू यायचं, पण मी बसून राहायचे. खरं सांगते, तशी दुपार मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

मग परदेशी मदत आली आणि तिच्याबरोबर नवा कॉम्प्युटर आला, आकडेमोडीचं भारी सॉफ्टवेअर घातलेला. आमची सगळी पोरं मात्र जुन्या मशीनवरच्या डेटाबेसमध्ये होती. दोन्ही एकमेकांना वायरनं जोडले, पण वायर जोडली म्हणून बोलणं थोडंच सुरू होतं? मध्ये एक ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. तो दुभाष्या. इकडचं ऐकून तिकडे सांगणारा. तो बसवता बसवता माझ्या नाकी नऊ आले. कधी म्हणे, ओळख पटत नाही. कधी म्हणे, अशी फाईलच नाही. कधी सगळं बरोबर असूनही नुसता ढिम्म.

एकदा सकाळभर डोकं आपटून मी रडायच्या बेताला आले होते. मोटाबेन उठल्या आणि बूट करकरवत एकेका खोलीत गेल्या. "कुणी उघडं ठेवलंय? कुणी उघडं ठेवलंय?" हिशेबनीस दचकून स्वतःचे कपडे चाचपायला लागले. शेवटी टायपिस्ट मुलीनं कबूल केलं. जेवायला जाताना तिनं डेटाबेस तिच्या मशीनवर उघडाच सोडला होता, आणि एकानं तो तसा अडवून धरला की दुसऱ्याला आत शिरता येत नाही. तेव्हापासून रोज सकाळी हा फेरा ठरूनच गेला. बाहेरचे लोक बघत राहायचे. पण त्या फेऱ्यानंतरच नवं मशीन बोलायचं, याला मी काय करू?

तर एकदाची पोरं पलीकडे गेली. आम्ही पेढे आणले. मी बटण दाबलं, आलेख उमटला, आणि पेढ्याकडे गेलेला माझा हात मागे आला.

मुलं वाढतच नव्हती. एका वर्षाचं वाढणं कधी सहा महिन्यांत, कधी दीड वर्षात. कुणी सलग दोन वर्षं चारचाच, मग एकदम सहाचा. कितीतरी बाळांचं तर जन्माच्या आधीच वजन झालेलं. रेघा नव्हत्याच त्या, नुसता गुंता होता, झाडाला अडकलेल्या मांज्यासारखा.

डॉक्टरसाहेब मागे येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. घाईत होता, इतकंच. मदत देणाऱ्यांची बाई पंधरवड्यात परदेशातून येणार होती आणि तिला काहीतरी नीटनेटकं दाखवायचं होतं. "मोटाबेन, आ जुनुं बधुं नकामुं छे," ते म्हणाले, म्हणजे हे जुनं सगळं निरुपयोगी आहे. मग माझ्यासाठी अर्ध्या मराठीत. "जन्माच्या आधी वजन? कोण विश्वास ठेवणार? आणि एक सांगा. नागरवाड्यातली एवढी मुलं एकाच दिवशी जन्मली? सगळ्यांची तारीख चौदा जानेवारी?"

हे मात्र खरं होतं. पोळातल्या पुष्कळ बायकांना मुलाची जन्मतारीख ठाऊक नसायची. मूल घरीच झालेलं, दाई आलेली, आमच्यापर्यंत खबर येईतो महिने गेलेले, तारीख कोण बघतंय? मोटाबेन विचारायच्या, साधारण कधी? मग ती आई आठवून म्हणायची, "पतंग उडत होते." झालं. मोटाबेन चौदा जानेवारी लिहायच्या. आणि या मुलांना जन्माचा दिवस म्हणून दुसरा कुठला नाहीच, तर तो तरी साजरा व्हावा, म्हणून त्यांचं वजन, अगदी पहिलंसुद्धा, घ्यायला त्या पोळात जात नसत. दरवर्षी उत्तरायणला त्यांना आपल्या गच्चीवर बोलवत. काटा, जलेबी, पतंग. हे सगळं तिथून सुरू झालेलं.

"आईनं जे सांगितलं ते लिहिलं," मोटाबेन म्हणाल्या. "मी मनानं तारीख कुठून आणू?"

"एटलेज तो!" डॉक्टर म्हणाले. म्हणूनच तर. त्यांनी ठरवून टाकलं. जुनी पोरं बंद. शहराच्या नव्या वस्तीत, दवाखान्याचा दाखला असलेली नवी बाळं घ्यायची आणि कोऱ्या पाटीवर सुरू करायचं. मोटाबेनना प्रमुखपद राहील, गाडी मिळेल, जिने चढावे लागणार नाहीत.

 मला वाटलं होतं मोटाबेन भांडतील, कारण त्या भांडायच्या, आणि मस्त भांडायच्या. त्या नुसत्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. डॉक्टर गेल्यावर म्हणाल्या, "मग मी त्यांच्याकडे कोण म्हणून जाऊ गं? शेजारीण नाही, नात्याची नाही. काटा आहे म्हणून दार उघडतात." आणि त्या एकदम इतक्या लहान दिसल्या, की माझंच डोकं फिरलं. मी डॉक्टरला शिव्या दिल्या, ड्रायव्हरला दिल्या, अमेरिकेला दिल्या. अमेरिकेला का दिल्या ते तेव्हा मला माहीत नव्हतं, पण त्या अगदी योग्य ठिकाणी गेल्या होत्या.

पुढचे दिवस माझे सगळं उपसण्यात गेले. आकडे तपासले, ते जुन्या मशीनवर अगदी बरोबर होते. वायर बदलली. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. पलीकडे गेलं की पुन्हा तोच गुंता. मी हात टेकले.

मोटाबेन मात्र रोज दुपारी तो गुंत्याचा कागद पसरून, डोळे मिटून बसत. मला राग यायचा. काय मिळतंय तिथं? एका दुपारी बोट फिरवता फिरवता त्या थांबल्या.

"ही कोण?" त्या म्हणाल्या.

गुंत्याच्या आतून काही रेघा शांतपणे वर चाललेल्या होत्या. एवढ्या कल्लोळात माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. "शोधून दे," त्या म्हणाल्या. मी एकेक रेघेचा क्रमांक काढून वाचायला लागले, आणि त्या बंद डोळ्यांनी नाव सांगायला लागल्या. हा चुडीवाल्याचा थोरला. ही जुळ्यांतली धाकटी. हा तो, पतंग कापला की रडतो. आणि सगळ्यांत खालून, अगदी तळातून जी रेघ चढत होती, तिच्यावर त्यांनी बोट टेकवलं. "ही हेतल. मांडवीच्या मागची. ही जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "ही सगळी माझ्या गच्चीवरची पोरं आहेत. उत्तरायणची. हीच तेवढी नीट पोचली. बाकीची का अडखळली गं?"

"मला काय ठाऊक? चौदा तारखेला काय सोनं लागलंय?" मी करवादले. आणि वाक्य तोंडात असतानाच माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली.

चौदावा महिना नसतो.

आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. जुन्या डेटाबेसमध्ये तारखा पाच-अकरा अशा, नुसत्या मजकूर म्हणून टाइप केलेल्या होत्या, आणि मधला दुभाष्या अमेरिकन. पाच अकरा, म्हणजे आपली पाच नोव्हेंबर, तो अकरा मे समजत होता. बावीस अकरा आली की मात्र बाविसावा महिना सापडेना, म्हणून निमूटपणे आपल्यासारखं वाचत होता. एकाच मुलाच्या एका भेटीची तारीख उलटी, दुसरीची सुलटी. म्हणून पोरं पुढेमागे पळत होती. उत्तरायणच्या पोरांचा जन्म चौदा तारखेचा आणि वजनही दरवर्षी चौदा तारखेलाच. त्यांना उलटं करायची त्याची टापच नव्हती.

मी हे सगळं एका दमात सांगितलं. मोटाबेननी शांतपणे ऐकलं आणि कॉम्प्युटरकडे वळून म्हणाल्या, "अरे भाई, पहेलां बोलवुं जोईए ने!" आधी सांगायचंस ना!

इलाज सोपा होता. तारीख म्हणून तारीख पाठवायचीच नाही. दिवस वेगळा, महिना वेगळा, साल वेगळं, आणि पलीकडे गेल्यावर त्यांना पुन्हा जोडायचं. ऊन उतरायच्या आत झालं. मी बटण दाबलं आणि आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. एकेक रेघ उमटत गेली. सगळी पोरं चढत होती. कुणी ठेंगणी, कुणी उंच, कुणी आजारपणात एका पायरीवर जरा थांबलेली, पण सगळी वर. मोटाबेन नावं घेत होत्या, हळू आवाजात. कडुनिंबाची सावली पडद्यावर आली होती, बाहेर सगळं निजलेलं होतं, आणि त्या खोलीतून जणू अख्खा नागरवाडा पाय न वाजवता वर चालला होता. "पोचली," त्या म्हणाल्या. "सगळी पोचली गं पोरी." आणि पदरानं डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला, आणि मीही रडले. का लपवू?

डॉक्टरसाहेबांनी तो आलेख बराच वेळ बघितला. सगळं समजून घेतलं, दोनदा विचारलं, आणि मग म्हणाले, "चालु राखो, मोटाबेन." त्या परदेशी बाईला त्यांनी स्वतः उत्तरायणच्या पोरांची गोष्ट सांगितली, थोडी स्वतःकडे वळवून घेऊन, पण असू दे. आणि त्याच जानेवारीत ते सुटाबुटात गच्चीवर आले, आणि त्यांना बूट काढावे लागले, तो प्रसंग मी सुरुवातीलाच सांगितला.

पुढे मी नवऱ्याच्या नोकरीपायी बडोदं सोडलं. माझी मुलगी झाली तेव्हा मोटाबेनना फोन केला, तर पलीकडून पहिला शब्द, "वजन?" मी सांगितलं. "बरं आहे," म्हणाल्या, आणि ठेवून दिला. मग लग्नकार्यं, आजारपणं, ज्याची त्याची वर्षं. मोटाबेन निवृत्त झाल्या. अभ्यास चालू राहिला.

बऱ्याच वर्षांनी एकदा उत्तरायणला मी माहेरी होते. जलेबी घेऊन नागरवाड्यात मोटाबेनकडे गेले. गच्चीवर ही गर्दी. उत्तरायणची पोरं आता बाप्ये झालेली, बायका झालेल्या, कडेवर लेकरं घेऊन रांगेत उभी. काट्यापाशी एक शिडशिडीत बाई वजनं लिहीत होती. आवाज कडक. "चप्पल काढा. हात खाली. वर बघा." मी विचारलं, तर हेतल. तळातून चढत आलेली ती रेघ. संख्याशास्त्र शिकून आमच्याच संस्थेत लागली होती, मोटाबेनच्या खुर्चीवर.

मोटाबेन उन्हात खुर्चीवर बसल्या होत्या. पार वाळल्या होत्या. पायांत अजून पांढरे कॅनव्हासचे बूट. मला बघून हसल्या, पण ओळखलं का, कोण जाणे. माझ्या मुलीकडे मात्र निरखून बघितलं आणि हातानं तिच्या उंचीचा अंदाज घेतला.

रांग संपली तशी हेतल उठली आणि त्यांच्यासमोर वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. "हवे तमे," ती म्हणाली. आता तुम्ही.

"माझं काय मोजायचंय?" मोटाबेन म्हणाल्या.

"कोई दिवस कर्युं छे?" कधी कुणी केलंय?

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं सगळ्या शहराचं वजन केलं या बाईनं, पण तिला काट्यावर उभं राहिलेलं कुणी बघितलंच नव्हतं. आम्ही दोघींनी धरून त्यांना उभं केलं. काट्यावर चढल्यावर त्यांनी आमचे हात झटकले. हात खाली घेतले. वर बघितलं.

हेतलनं वजन लिहिलं आणि त्यांनी शिकवलं होतं तसंच विचारलं, "जन्मतारीख?"

"शाळेत पहिली जून आहे," मोटाबेन वर बघतच म्हणाल्या. "मास्तरांनी घातलेली. मी पाचवी मुलगी. घरात कोण लिहून ठेवतंय?" मग जणू स्वतःशीच, "आई म्हणायची, पतंग उडत होते."

हेतलचं पेन थांबलं.  

"मग काय लिहू?" हेतलनं विचारलं.

"चौदा जानेवारी लिही," मोटाबेन म्हणाल्या. "ती नीट पोचते पलीकडे."

मग काट्यावरून स्वतःच खाली उतरल्या, बूट न घालताच ताटाकडे गेल्या आणि माझ्यापुढे हात केला. "दिलं ना वजन? दे आता जलेबी."